फक्त डावीकडे

बोनेटला एकोणीस भोकं होती.
हिच्यातून वराती निघायच्या, तेव्हा दिव्यांच्या माळेसाठी
पाडलेली. छाणीच्या बँडवाल्यानं ती लपवली नाहीत,
उलट मोजून दिली.
आईनं विचारलं, आपली वरात कशातून गेली होती हो?
बाबा म्हणाले, अँ?
मग आईच म्हणाली, रिक्षातून,
आणि तीसुद्धा पाणीगेटला बंद पडली.

चोपन्न सालची मॉरिस मायनर, उघड्या टपाची.
टपाच्या नावाखाली तीन वाकड्या लोखंडी कमानी.
कारेलीबागेत आमच्या कंपाउंडात आली
टेम्पोमागे दोरीनं, रविवारी, जेवायच्या वेळेला.
जसुभाई गॅलरीतून वाकले: आ चालशे?
बाबांना ऐकू आलं नाही, म्हणून ते हसले.

पहिला महिना नुसता खरवडण्यात.
पांढऱ्याखाली मरून, मरूनखाली काळा,
काळ्याखाली रुपयाएवढा हिरवा,
शेवग्याच्या कोवळ्या पाल्याचा.
बाबांनी तिथं बोट टेकवलं
आणि सोमवारपर्यंत कुणाला हात लावू दिला नाही.
सीटखाली काळ्या पडलेल्या अक्षता, एक आकडा, पाच पैसे,
कुणाच्या तरी मुंडावळ्यांचे चार मणी.
ते मणी आईनं बरणीत ठेवलेत. का, ते विचारू नये.

ओजसचा हात लहान,
म्हणून गिअरबॉक्समागं पडलेले नट त्याचे.
दर नटामागं पाच रुपये, उधारी बंद.
यशोधननं टोरांटोहून रबरी पट्ट्या पाठवल्या,
आणि हिशोब: एवढ्यात नवी आली असती.
मग फोनवरून हळूच,
जरा डॅशबोर्ड दाखव ना. अजून जवळून.

टपाचं माप आईनं ब्लाउजसारखं घेतलं.
पाठ, खांदा, दंड, इथं टक्स येईल.
ताडपत्री रावपुऱ्यातली, सुया एकवीस नंबरच्या,
तरी सहा मोडल्या.
तीस वर्षं दुसऱ्यांच्या साड्यांना फॉल लावलेलं मशीन
कुरकुरलं, थांबलं, निघालं.
चढवून बघितला तर मागं सव्वा इंच कमी.
काही बोलली नाही.
रात्री ब्लेड घेऊन बसली, एकेक टाका.

इंजिन मी उतरवलं. मी म्हणजे मी आणि बाबांचा आवाज:
तो पाना नको, त्याच्या शेजारचा. हिचे नट इंचातले.
पंपाच्या कारखान्यात तेहतीस वर्षं,
पेन्शन घेऊन आले, कान तिथंच राहिले.

सुरू झालं तेव्हा सगळे एकदम ओरडले, बाबा सोडून.
त्यांनी मोठा स्क्रूड्रायव्हर घेतला,
टोक ब्लॉकवर, मूठ कानामागच्या हाडाला,
आणि डोळे मिटले.
बराच वेळ.
तिसरा व्हॉल्व्ह काहीतरी म्हणतोय, म्हणाले.
मला नुसता आवाज ऐकू येत होता.

राहिले ते वळण दाखवणारे हात.
दारामागच्या फटीतून डावा उठतो, केशरी उजळतो.
उजवा उठत नाही. तेल, पॉलिशपेपर, शिव्या,
कशालाच नाही.
तेव्हा ठरलं, पहिली फेरी फक्त डावीकडे.
डावीकडे वळत राहिलं की घर येतंच.
आईनं टप लावू दिला नाही.
एवढा शिवला, तर म्हणे, दुमडल्यावर कसा दिसतो ते बघू दे.

मुक्तानंदच्या चौकात डावीकडचा रस्ता खोदलेला.
पुढं बस, मागं हॉर्न, मी घामाघूम.
काही करायच्या आत आरशात दिसलं:
मागच्या सीटवर आई अर्धी उभी,
उजवा हात बाहेर, सरळ, बोटं जुळलेली,
अंगठ्याला अजून सुईची पट्टी,
आणि एक रिक्षा, चक्क, थांबली.

शेजारून बाबा ओरडले,
त्यांना वाटतं ते कुजबुजतात:
दुसरा टाक, दुसरा.
मला तळव्यांना कळतंय.