बशी हरवलेला कप

कायद्यानं आता तुम्ही माझ्या कुणी नाही.
तरी जॅक्सनव्हिलच्या विमानतळावर
तुमची बॅग मीच उचलली
आणि तोंडातून निघालं ते नेहमीचंच, "या, वन्सं."

जुलै. स्टिअरिंगला हात लावला की चटका.
पश्चिमेला निघालो दोघी,
मध्ये पाण्याची बाटली, चुरगळलेला नकाशा
आणि तुमचा भाऊ,
ज्याचं नाव काढायचं नाही असं
न बोलताच ठरलेलं.

एका पेट्रोलपंपाशी पुठ्ठ्याची पाटी : उकडलेल्या शेंगा.
"इथंसुद्धा?" तुम्ही दार उघडून उतरलातच.
मिस लोरीन नावाची बाई झाऱ्यानं शेंगा काढत होती,
तिला तुम्ही सरळ मराठीत विचारलंत,
"मीठ जरा जास्तच झालंय का गं?"
ती इंग्रजीत म्हणाली, "उन्हात लागतं, ताई"
(ताई मी घातलं, ती हनी म्हणाली होती).
वर मूठभर शेंगा पडल्या फुकट.
मग वीस मैल आपण
टरफलं खिडकीबाहेर टाकू नका एवढंच बोललो.

हाय स्प्रिंग्ज. एक सिग्नल, एक चर्च,
गेलेल्या माणसांची भांडी विकणारं दुकान.
निळ्या फुलांचा कप तुम्ही उजेडात धरलात,
दोन डॉलर, बशी हरवलेली.
"जोड मोडली की किंमत उतरते,"
म्हणालात, आणि जीभ चावलीत.
मी पाकीट शोधत राहिले, उगीच,
हातातच होतं.

मग झाडांना राखाडी दाढ्या, डासांचं गाणं,
लाकडी पायऱ्या,
आणि खाली पाणी,
कुणी बादलीत नीळ जास्त टाकावी तसं.
तळाशी वाळू उकळत होती, पण गार उकळी.
"उथळच दिसतंय की."
"चाळीस फूट," तिथला पोरगेला रखवालदार म्हणाला.
शिवाय हेही, की हे पाणी
वीसेक वर्षांपूर्वीच्या पावसाचं,
चुनखडीतून वाट काढत आत्ता वर आलंय.
तुम्ही पेरांवर मोजलंत,
"म्हणजे तुझ्या लग्नाच्या सुमाराचं."
त्याला म्हणालात, "आम्ही याला उमाळा म्हणतो."
तो म्हणाला, "ऊमाला."
दोनदा दुरुस्त केलंत, मग जाऊ दिलंत.

काठावर बसून, पंजाबी ड्रेस गुडघ्यापर्यंत ओढून
तुम्ही सांगितलंत :
मळ्यातल्या विहिरीत तो सूर मारायचा,
मी वर थांबायचे त्याचे कपडे राखत.
पाय बुडवायचे नाहीत, मुलींनी.
चौसष्टाव्या वर्षी
भाड्याच्या रबरी ट्यूबमध्ये बसलात,
दोन्ही हातांनी काठ घट्ट धरून,
डोळे मिटून, ओठ पुटपुटत.
कपडे मी राखते, म्हटलं.

पण प्रवाहाला वय कळत नाही.
ट्यूब फिरली, सुटली,
सायप्रसच्या गुडघ्यांमधून
नदीच्या दिशेनं.
"वन्सं!" मी ओरडले. "वन्सं! वन्सं!"
पाठ वळली नाही. गर्दीत
ते कुणाचंही नाव असू शकलं असतं.
"वत्सला!"
वळलीस.
घाबरली असशील असं वाटलं होतं.
हसत होतीस, चष्म्यावर पाणी,
एक हात सोडून हलवत.
शाळेच्या मैदानातून कुणी हाक मारावी तसं
"आले!" म्हणालीस, आणि अजिबात आली नाहीस.
अर्धा मैल खाली, पुलाशी, मी तुला गाठलं,
चपला हातात, पायात काटे.

रात्री गल्फच्या किनाऱ्यावरचं मोटेल.
वाळू पिठीसाखरेसारखी, बाथरूमभर.
लाटा एवढ्या हळू
की समुद्र झोपलाय की जागा, कळेना.
उरलेल्या शेंगा, आणि त्या कपात
मोटेलच्या पुडीचा पाणचट चहा,
आधी तू, मग मी.
"बशी मिळाली असती तर बरं झालं असतं," मी म्हटलं.
तू कप उचलून फिरवलास.
"कान शाबूत आहे ना? मग झालं."

सकाळी गाडीत बसताना
मी पुन्हा "वन्सं, पट्टा लावा" म्हणाले.
तू ऐकलंच नाहीस.
खिडकी खाली करून
बाहेर पेलिकन बघत बसलीस.