कासराभर सूर्य

जायच्या आदल्या दिवशी बॅगा
मार्केट यार्डात आमच्याच हळदीच्या काट्यावर चढल्या.
परवानगी तेवीस किलोची. यल्लाप्पा हमालानं
सवयीनं वजन मोठ्यानं पुकारलं,
पोत्याला मारावी तशी बॅगेवर थाप मारली
आणि म्हणाला, "माल ओला हाय, दोन किलो उतरंल."

उतरला नाही.
शेवटी सन्मतीचे नवे बूट घरी राहिले
आणि भडंगाचे चार डबे नॉर्वेला गेले, बिनलसणाचे.

ऑस्लोच्या विमानतळावर एका शिस्तीच्या कुत्र्यानं
आमची बॅग हुंगली आणि शिंकलं.
पुन्हा हुंगलं, पुन्हा शिंकलं.
तिसरी शिंक पोलिसाला आली.
चिन्मयी हळूच म्हणाली, "आई, राजापुरी आहे ना."

अण्णांची अडचण वेगळीच.
चाळीस वर्षं दिवस बुडायच्या आत अंथऊ,
लग्नाकार्यातसुद्धा संध्याकाळचं पहिलं पान त्यांचं.
आणि लेकानं हौसेनं नेलं अशा गावी
जिथं जूनमध्ये सूर्य मावळतच नाही.
रात्री अकराला लख्ख ऊन.
बाराला तो पाण्यापर्यंत खाली येतो,
उंबऱ्यात उभ्या पाहुण्यासारखा "निघतो, निघतो" म्हणतो
आणि परत आत येऊन बसतो.
आम्ही पडद्याच्या फटीला टॉवेल लावून झोपायचो.

"मग हितं कवाबी जेवलं तरी चालतंय की," सन्मती म्हणाला.
अण्णांनी त्याच्याकडं असं पाहिलं
जसं चुकीची पट्टी घेऊन आलेल्या अडत्याकडं बघतात.
"मोडायची भीतीच नसंल,
तर त्यो नेम कसला?"

म्हणून रोज दुपारी तीनला,
बोटीवर असू, डोंगरावर असू,
गाईड रेनडिअरची माहिती सांगत असू दे,
फोन लागायचा सांगलीला.
"बाळगोंडा, घाटावर हाईस न्हवं? बघ जरा, किती वर हाय?"
पलीकडून आयर्विन पुलावरचे हॉर्न, कुणाचा तरी खोकला,
मग उत्तर:
"सांगलवाडीच्या अंगाला, कासराभर हाय अजून. जेव निवांत."
आणि अण्णा डबा उघडायचे.

शेजारच्या बाईंनी एकदा विचारलं, हे काय?
"डिनर," चिन्मयी म्हणाली.
"इतक्या लवकर?"
"आमच्या नदीवर संध्याकाळ झाली."
बाईंना ते पटलं. भडंगही पटलं.
डोळे पुसत पुसत त्यांनी अजून मागितलं.

पाणी दिसलं की सांगलीचा माणूस फूट विचारतो.
अण्णांनी बोटीच्या कॅप्टनला विचारलं,
हितं धोक्याची पातळी किती?
चिन्मयीनं भाषांतर केलं. कॅप्टन बराच वेळ विचारात पडला,
मग म्हणाला, खोली चारशे मीटर आहे.
"खोली न्हवं, पुलाला पाणी कधी लागतंय?"
पूलच नव्हता.
अण्णांना त्या देशाची जरा काळजी वाटली.

एका रात्री, म्हणजे घड्याळातल्या रात्री,
मी खाली गेले तर ते हॉटेलच्या पायरीवर,
स्वेटरवर स्वेटर, हातात जपमाळ.
"झोप नाही?"
"अंधार पडंपर्यंत बसतो म्हणलं," ते म्हणाले
आणि स्वतःच हसले.

परत आल्यावर तिसऱ्या दिवशी घाटावर
बाळगोंडाकाकांना चॉकलेट दिलं,
वेष्टण तीनदा वाचून आणलेलं.
ते चघळत म्हणाले, "एक सांगू का, भूपाल?
तुमी गेल्यापास्नं हितं नुसतं आभाळ.
सूर्य काय मला दिसला न्हाई.
कासरा मी मनानंच धरत हुतो."

अण्णांनी बोटं मोजली. नऊ दिवस.
"म्हंजे एखांद्या दिवशी मी रातचं जेवलो आसंन?"
"आसशील."
"हितल्या रातचं, का तिथल्या?"
काका चॉकलेटच चघळत राहिले.
सन्मती हसू दाबून चपला शोधायला लागला,
चपला त्याच्या पायातच होत्या.

अण्णा उठले, धोतर झटकलं,
भरलेल्या आभाळाकडं एकदा पाहिलं.
"चला. अंदाजानं सा वाजल्यात."
माझ्या मनगटावर अजून तिकडचेच
अडीच.