खारे

पातागोनियातलं बंदर. मिठागराच्या कामगारांनी
काढलेला फुटबॉल क्लब.
त्याच्या चाहत्यांना अख्खा किनारा म्हणतो: खारे.

नेलिदा चौतीस वर्षं
त्याच गंजक्या कठड्याला टेकून ओरडतेय,
आम्ही खारे! आम्ही खारे!
त्यात ती येते का,
कुणी विचारलं नाही. तिनंही नाही.

यंदा नवे मफलर आले.
फाब्रिसियोनं टेबलावर दोन ढीग लावले:
खारा. खारी.
खारीचे गुलाबी.

नेलिदाचं नातवंड, एलियेल,
दोन्ही ढिगांकडे बघत राहिलं,
हात खिशातच.

"वीस वर्षं गोण्या भरल्यात मी," नेलिदा म्हणाली,
"मीठ बोटं चिरतं ना,
तेव्हा विचारत नाही, तो की ती."
फाब्रिसियो सुटे पैसे मोजत बसला.

मग तिनं गळ्यातला जुनाच काढला, विटका.
शेवटचं अक्षर कधीच धुण्यात गेलेलं
(माझ्या भाषेत म्हणायचं तर, काना गळालेला,
उरला नुसता खार)
आणि एलियेलच्या गळ्यात दोन वेढे दिले.

त्या दिवशी क्लब हरला, तीन-शून्य.
वारा समुद्रावरून,
सुटला तो सुटलाच.
घरी जाताना ज्यानं त्यानं ओठ चाटले.
खारट.