खळ

खळ शिजवायला मी सायझिंगमध्ये शिकलो,
विट्यात, मायणी रोडला.
तिथं सुताला ताठा यावा म्हणून,
इथं पक्षाच्या कचेरीमागं
पोस्टर भिंतीला धरावं म्हणून.
मोरचूद दोन्हीकडं लागतो,
नाहीतर रात्रीत उंदीर उमेदवार खातात.

यंदा पोस्टर उशिरा आलं.
यंदा आम्ही ठरवलेलं,
उमेदवार वरून यायचा नाही, खालून जाईल.
पावती फाडलेले सभासद दोनशे एकोणतीस.
मतपत्रिका म्हणजे जुन्या कॅलेंडरची कोरी पाठ,
मतपेटी म्हणजे बालूशाहीचा डबा,
झाकणाला कानशीनं पाडलेली फट.

एकीकडं शेवंता ऐवळे, कांड्या भरणारी.
बोनससाठी तिनं सत्तावीस दिवस
अख्खी गल्ली मुकी ठेवली होती.
पहिल्या रात्री कुणाला झोप लागेना,
लूमचा आवाज नाही म्हणून.
दुसरीकडं वकील निरंजन पिसाळ.
आमच्या सगळ्या केसेस त्यांनी फुकट लढल्या,
आणि त्यांना बागायतदारही नमस्कार करतात.

सहा आठवडे.
लेंगरे, भाळवणी, आळसंद, खाली आटपाडीपर्यंत
एकाच सतरंजीवर दोन भाषणं.
दोघांचा झेंडा तोच, घोषणा त्याच,
भांडण मात्र असं की
नबीलाल अत्तार आणि त्याचा मेहुणा
एका टपरीवर दोन बाजूंना तोंड करून चहा प्यायचे.
कुणी म्हणालं, ती निवडून येत नसती.
कुणी म्हणालं, मग आपण पुरोगामी कशाला,
नुसतं गामी म्हणा.
हसलो सगळे. मीही.
घरी येऊन बराच वेळ पाय धूत बसलो.

निवडून येणं.
हा शब्द माझ्या डोक्यात
रिकाम्या धोट्यासारखा नुसता इकडून तिकडं,
सूत संपलेलं, तरी खटखट चालूच.
सहा निवडणुका मी हरलेल्या बघितल्यात.
दरवेळी डिपॉझिट गेल्यावर
गुलाल दुसऱ्यांच्या अंगावरून उडून
आमच्या सायकलींवर बसलाय.
एकदा तरी, वाटलं. एकदा तरी.

मोजणी तिच्यासमोरच झाली.
ती स्टुलावर, पदर खोचून, रात्रपाळीला जायच्या घाईत.
एकशे दहा. एकशे सहा. बाकी बाद किंवा गैरहजर.
वकिलांनी हात जोडले, तिनंही जोडले,
मग डब्यात राहिलेला बालूशाहीचा चुरा
तिनं बोटानं टिपून खाल्ला
आणि गेली.

त्यानंतर आठवडाभर गल्लीत
कुणी म्हणे, घरात बसू. कुणी म्हणे, नोटा दाबू.
जिल्हा कमिटीचं पत्र आलं, एकजुटीचं,
त्यात दोन ठिकाणी एकजुटीचा जू ऱ्हस्व.

परवा रात्री एसटी स्टँडची भिंत.
बादली, झाडू, शिडी, मी एकटा.
शिडी हलायची थांबली तेव्हा खाली बघितलं.
केसांत कापसाची पिंज, पाळी सुटलेली शेवंता
दोन्ही हातांनी शिडी धरून.

बराच वेळ काही नाही.
मग म्हणाली,
"घडी खात्यात किती वर्षं झाली रं तुला?"
"अठरा."
"चिठ्ठ्या उघडताना बघत होते मी.
बाकीच्यांनी कशाबशा दुमडलेल्या.
एकच होती,
आधी उभी, मग आडवी, काठ आत."

झाडूतून खळ माझ्या कोपरापर्यंत आली.
सांगायचं होतं बरंच,
सहा निवडणुकांचं, गुलालाचं.
तिनं वर बघितलं.
"वकिलाचं नाक वाकडं लागतंय.
ओलं हाय तवर सरकव."

सरकवलं.
शिडी तिनं सोडली नाही.
मीच उतरायला उशीर केला.