राखणीची चिठ्ठी

कँटीनच्या स्टीलच्या पेल्यात सात चिठ्ठ्या,
सहा कोऱ्या, एकीवर केतकीच्या गिचमिड अक्षरात
"राखण".
आली मलाच. सलग दुसऱ्यांदा.
दर्शील म्हणाला, निफाड, तुझ्या रक्तातच आहे ते.

आहे.
डिसेंबरात पारा चारवर आला की
आमच्याकडे बागेच्या बांधावर शेकोट्या पेटतात,
काका कानटोपी ओढून पहाटेपर्यंत
धूर कुठल्या ओळीत शिरतोय ते बघत बसतात.
द्राक्षं निदान वाद घालत नाहीत.

तर गंगापूर धरणाच्या काठी, भाड्याचा बंगला,
यशोधनचा वाढदिवस,
माझ्या हातात लिंबू सरबत
आणि मोज्यात चार दुचाक्यांच्या किल्ल्या.
चालताना टोचतात.

हेमांगी फाटकातच भेटली. डोळे लाल, अंग तापलेलं.
"एवढंसं तर आहे गं, गोळी घेतलीये."
भाऊ सोडायला आला होता,
त्याच्याच गाडीवर परत बसवली,
केकचा तुकडा डब्यात घालून दिला.
चिडली. खोकत खोकत चिडली.

साडेनऊला केतकीनं पेला कठड्यावर ठेवला
नि आत गेली.
ती परत येईपर्यंत मी तो कुंडीत ओतला होता.
"अगं, माझा होता तो!"
होता. पण पाच मिनिटं कुणाचाच नव्हता,
आणि यशोधनच्या मावसभावाचे ते दोन मित्र,
ज्यांची नावं कुणालाच माहीत नाहीत,
तिथंच रेलून उभे होते.
चांगलेही असतील.
मी माफी मागितली ती मोगऱ्याची.

दहाला दर्शील किल्ली मागायला आला.
"मी एकदम ठीक आहे. बघ, सरळ चालतो."
फरशीच्या रेघेवरून चालला, खरंच सरळ,
आणि सरळ जाऊन झोपाळ्यावर आदळला.
मग मला जे म्हणाला ते इथं लिहीत नाही.
त्र्यंबक रोडच्या वळणावर मागच्या वर्षी काय झालं,
आमच्या वर्गातला तिसरा बाक का रिकामा असतो,
तेही लिहीत नाही.
त्याला आठवलं असावं.
शिवी अर्ध्यातच थांबली.

विभाकडे मात्र माझं लक्षच नव्हतं.
ती प्यायली नव्हती, नाचली नव्हती,
पाण्याकडे तोंड करून पायरीवर बसलेली.
"काय झालं?"
"काही नाही. थंडी."
शेजारी बसले. शेकायला काही नव्हतं.
बऱ्याच वेळानं म्हणाली, महिना झाला, झोप लागत नाही,
घरी कळलं तर आई धुळ्याला परत बोलावेल.
मला काय कळतंय त्यातलं.
म्हटलं, सोमवारी समुपदेशक बाईंकडे जाऊ,
तू आत जा, मी बाहेर बसते.
"बघू."
आमच्या घरी बघू म्हणजे नाही.
तिच्या घरी काय म्हणजे काय, विचारलं नाही.

इरफाननं ठरवलेली जीप अकराला आली.
ड्रायव्हरनं आरशातून विचारलं, किती जण?
हेमांगी गेली, म्हणजे सहा.
मोजले. पाच.
परत मोजले. पाचच.
पोटात गोळा आला.
धावत बंगल्यात गेले, मोरीत पाहिलं, गच्चीवर,
पलंगाखालीसुद्धा,
काठापर्यंत जाऊन काळ्या पाण्याकडे पाहिलं,
आणि तेव्हा जीपमधून विभा ओरडली,
"ए निफाड, स्वतःला मोज की!"
सगळे हसले. विभाही.
मला हसायला सोमेश्वर यावं लागलं.

रात्री ग्रुपवर एकेक "पोहोचलो", "पोहोचले",
हेमांगीचा ताप एकशे एक, केक छान होता.
किल्ल्या काढल्या तर घोट्यावर त्यांचे दाते उमटलेले.
सकाळी दर्शीलचा मेसेज, "किल्ली?"
आणि तासाभरानं, "मिसळ माझ्याकडून."
एवढंच. पुरे.

सोमवार, साडेदहा.
बाकावर बसलेय, पंखा कुरकुरतोय,
समोरचं दार बंद आहे.
दाराबाहेर विभाच्या चपला,
एक सरळ, एक उलटी.
मी उठून उलटी सरळ केली
नि परत येऊन बसले.