पुढील शीट पाहा

शहाऐंशी साली मी एकवीस वर्षांची होते
आणि बेलापूरच्या ऑफिसात, तिसऱ्या मजल्यावर,
ट्रेसिंग पेपरवर शहर काढत होते.
बारीक पेनाने रस्ते, जाड पेनाने हद्द.
चुकलं तर अर्ध्या ब्लेडने शाई खरवडायची
आणि जागा नखाने घोटून गुळगुळीत करायची.
शाळा, बाजार, पाण्याची टाकी,
आणि खाडीच्या कडेला,
कुणाच्या खिडकीतून दिसू नये असा
एक तिरपा चौकोन. स्मशानभूमी.
तो मीच काढला.
हात थरथरल्याचं आठवत नाही.
आठवतं ते एवढंच, की डब्यात भरली वांगी होती
आणि पाटकरबाई विचारत होत्या, मीठ कमी पडलंय का गं?

आता मी त्याच सेक्टरात राहते, सहाव्या मजल्यावर.
बाल्कनीतून चिमणी स्पष्ट दिसते.
आम्ही हिशेब केला तेव्हा घरं दुमजली धरली होती.

रात्री तीनला जाग येते.
फ्रिजच्या घरघरीने नाही, ती थांबते तेव्हा.
डॉक्टर करंबेळकर म्हणाले, झडप थोडी गळते,
दहा वर्षं जातील आरामात,
मग चष्मा पुसत म्हणाले, साधारणपणे.
दुखण्याला मी भीत नाही, दोन बाळंतपणं झालीत.
भीती वाटते ती या विचाराची
की दूधवाला पिशवी कडीला अडकवून जाईल,
सोसायटीच्या बोर्डावर माझं नाव खडूने लिहितील,
आडनावातला रफार विसरतील,
आणि ते खोडायला मी नसेन.
नसेन म्हणजे काय, इथवर आलं की डोकं
बंद दारावर आपटल्यासारखं मागे येतं.
हे जे आत्ता तीन वाजता जागं आहे, घाबरलंय,
ते कुठे ठेवतात?

नणंद सांगते, तेरा दिवस वाट, मग नदी, मग हिशेब.
तिला प्रत्येक मुक्काम पाठ आहे, एस.टी.च्या थांब्यांसारखा.
मुलगा म्हणतो, आई, झोपेत असतेस तशीच.
पण झोपेतून मी उठते रे. तीनला. रोज.

प्रत्येक शीटच्या काठावर मी तुटक रेघ काढायचे
आणि तिरप्या अक्षरांत लिहायचे:
पुढील शीट पाहा, क्रमांक अमुक.
त्या चौकोनापुढे खाडी होती आणि नकाशा संपत होता.
तरी हाताच्या सवयीने मी लिहिलं, पुढील शीट पाहा,
आणि क्रमांक सुचेना म्हणून जागा कोरी सोडली.
साहेबांनी न बघता सही केली.
छापून गेलं तसंच.

नोव्हेंबरात बँकेत हयातीचा दाखला द्यावा लागतो.
ब्लेडने आणि शाईने माझ्या अंगठ्याच्या रेघा गेल्यात.
मशीन म्हणतं, ओळख पटली नाही, पुन्हा ठेवा.
मागच्या खेपेला पाचदा ठेवला.
रांगेतले सगळे हसले, मीही हसले,
आणि घरी येईपर्यंत तळहात गार होते.

करावे गावची कुंदा मढवी मासळी घेऊन दारावर येते.
चौकोनाखाली तिच्या आज्याचं भातशेत गेलं,
हे तिने एकदा सहज सांगितलं, सुट्टे पैसे मोजताना.
तिला विचारलं, कुंदा, मरणाची भीती वाटते का गं?
वाटतं ना बाय, म्हणाली.
पन चिखलान पाय रुतला तं
आदी पाय काराचा, मंग भ्यायाचा.

ओहोटीला मी तिला बाल्कनीतून बघते.
स्मशानाच्या भिंतीला वळसा घालून
ती चिखलात उतरते, पोटरीपर्यंत,
माझ्या तुटक रेघेच्या पलीकडे,
ठिपका होते, तिवरांच्या मागे तोही दिसत नाही.
मी गॅस बारीक करून उभी राहते.

तासाभराने ती येते, टोपलीत निवट्या वळवळत असतात.
तेवढ्यावरून काही ठरवता येत नाही, मला कळतं.
ती नुसती खाडीत जाऊन आलीय.
तरी मी दार उघडते
आणि भाव विचारायच्या आधी
तिच्या पायांकडे बघते.