इस्बिस्टर आजोबांची कानतपासणी

लर्विकच्या इस्पितळातली आमची काचपेटी
त्या आठवड्यात बिघडली होती,
म्हणून लाउरी इस्बिस्टरना मी खिडकीशी बसवलं,
डोक्यावर हेडफोन चढवले, हातात बटण दिलं,
आणि पाटीवर ठळक लिहिलं:
साउंड आला की दाबा.

वय एक्याण्णव. पन्नास वर्षं कॉडच्या मागे.
इंजिनानं दोन्ही कान केव्हाच खाल्लेले.
मुलगी ऑस्ला, कोटही न काढता:
"सगळ्याला हो म्हणतात.
चहा हवा का विचारलं तर उठून कुत्र्याला बाहेर सोडतात."

पहिला सूर सोडला. गप्प.
चढवला. गप्प.
आणखी चढवला, माझेच दात शिवशिवले.
मग मी काहीच सोडलेलं नसताना
म्हाताऱ्यानं बटण दाबलं.
थोड्या वेळानं पुन्हा.
मग दाबूनच धरलं.

मी तारा तपासल्या.
ऑस्ला आधी हसली, मग तिनं बोटानं बाहेर दाखवलं.

बाहेर धुकं.
ते सरकलं की मधलं पाणी दिसायचं,
पलीकडे ब्रेसे बेट, त्याची एक पांढरी भिंत.
इथले लोक त्या पाण्याला साउंड म्हणतात.

म्हणजे आजोबांचं काहीच चुकलं नव्हतं.
साउंड येत होता, ते दाबत होते.

हा साउंड उत्तरेच्या नावाड्यांचा,
त्याच्या पोटात पोहणं आहे,
जणू पोहून जाता येईल एवढंच अंतर.
माझा साउंड, आवाजाचा, निराळ्या घरचा.
रोमहून निघाला, फ्रान्सात राहिला,
इथे उतरला तेव्हा त्याला शेवटचा ड नव्हता.
तो इंग्रजांच्या जिभेनं मागाहून डकवला,
गरज नसताना दाराला दुसरी कडी लावावी तसा.

आणि समोर उघडी फाइल,
तिच्यात हृदयाच्या डॉक्टरांचा एकच शब्द: साउंड.
हा तिसरा, सॅक्सनांच्या घरचा, जर्मनांचा भाऊबंद.
ठणठणीत.
मी मनात मराठी केलं आणि अडखळले,
कारण ठण हा तर आवाज,
मडकं घेताना बोटानं वाजवून बघायचा.
आणि मधल्या पाण्याला आम्ही सामुद्रधुनी म्हणतो,
धुनी, म्हणजे गर्जणारी.
इतकी वर्षं तो शब्द वापरला,
कान लावून ऐकला नव्हता.

"माझ्या आजीला साउंड फार आवडायचे," ऑस्ला म्हणाली,
"दुधात शिजवून."
मी तिच्याकडे बघत राहिले.
माशाच्या पोटातली हवेची पिशवी, तिलाही तेच नाव.

एवढ्यात आजोबा बोलले,
बहिऱ्या माणसाच्या चढ्या आवाजात,
माझ्याशी नाही, खिडकीशी.
पोरवयात वडिलांबरोबर ते साउंड घेत:
दोरीला शिसं, शिशाच्या तळाला खळगा, खळग्यात चरबी.
शिसं तळाला टेकलं की हाताला कळायचं.
वर ओढलं की चरबीला चिकटून यायची
वाळू, शिंपल्याचा चुरा, कधी काळा चिखल.
वडील ती बोटानं चाचपत, जिभेला लावत,
आणि दाट धुक्यात सांगत: घर त्या बाजूला.

हा चौथा, फ्रेंचांकडून आला म्हणतात,
त्यांनी तो उत्तरेच्या नावाड्यांकडूनच उचलला असेल.
असेल. पक्कं कुणाला माहीत नाही,
तिथे माझ्या कोशकारांचंही शिसं टेकत नाही.

मी पाटी पुसली.
साउंडच्या जागी लिहिलं: पिपाणीसारखं काही वाजलं की.
आजोबांनी वाचलं, मान डोलावली.

उजव्या कानाचे लाल गोल, डाव्याच्या निळ्या फुल्या,
सगळ्या आलेखाच्या तळाशी जाऊन बसल्या.
दोन यंत्रं लिहून दिली. ऑस्लानं सही केली.

पहिला आलेख फेकायला हवा होता,
ज्यात एकही ठिपका कानाचा नाही.
ड्रॉवरमध्ये ठेवलाय.

निघताना ऑस्ला त्यांना कोट घालत होती.
बाहेर धुकं पुरतं बसलेलं,
ब्रेसे नाही, भिंत नाही, पाणी नाही.
बटण अजून त्यांच्या हातात होतं.
मी मागितलं नाही.
अंगठा वर धरून ते बघत होते.